देवाने क्षमा केली, मग मन का खातंय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वसई तालुक्यातल्या एका गावातले हे गृहस्थ ५८ वर्षांचे आहेत, कॅथॉलिक. आईवडील गेल्यावर वडिलांच्या वाडीत त्यांचा आणि धाकट्या बहिणीचा निम्मा-निम्मा वाटा होता. २००३ साली 'सातबाऱ्यावर आपल्या दोघांची नावं चढवायची आहेत' असं सांगून त्यांनी बहिणीला दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नेलं आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. तिने कागद वाचला नाही. बाहेर आल्यावर दोघांनी उसाचा रस घेतला. तेव्हा ती म्हणाली, "दादा, तू आहेस म्हणून मला या कचेऱ्यांचं टेन्शन नाही." २००९ मध्ये वाडी ६० लाखांना विकली गेली. 'जुनी देणी फेडण्यात सगळं गेलं' असं बहिणीला सांगितलं. त्या पैशातून यांचं घर उभं राहिलं, मुलगा परदेशी शिकला. बहीण आज नालासोपाऱ्यात भाड्याच्या खोलीत राहते. गृहस्थांनी तीनदा पापनिवेदन केलं, म्हणजे चर्चमध्ये फादरांपुढे आपलं पाप कबूल केलं, आणि फादरांनी तिन्ही वेळा देवाच्या नावाने पापक्षमा दिली. तरी गेली दोन वर्षं ते चर्चमध्ये कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या, रांगेत उभे राहत नाहीत. शेजारच्यांना बाहेर पडता यावं म्हणून पाय आत घेतात आणि बाकावर बसून राहतात. पत्नीचं म्हणणं, 'देवाने माफ केलंय ना, मग जुनी मढी कशाला उकरता?' ते विचारतात: क्षमा मिळाली असेल तर मन शांत का नाही? माझं पाप क्षमेच्या पलीकडचं आहे का? आणि देवाने क्षमा केल्यावर बहिणीला सांगायची गरज उरते का?

प्रिय भाऊ,

उसाच्या रसाचा प्रसंग तुम्ही पत्रात दोनदा लिहिलाय. रक्कम एकदाच, तीही कंसात. म्हणजे आपल्याला नेमकं काय खातंय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. वाडीपेक्षा ते वाक्य जड झालंय.

आधी तुमची भीती बाजूला करू, कारण ती डोक्यावर असताना पुढचं काहीच नीट ऐकू येणार नाही. तुमचं पाप क्षमेच्या पलीकडचं नाही. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलच्या येशूचं चरित्र सांगणाऱ्या भागात, क्षमा न होणाऱ्या पापाचा उल्लेख आहे, तो पवित्र आत्म्याच्या निंदेचा. चर्चने त्याचा अर्थ असा लावलाय की माणूस देवाची दयाच झिडकारतो, दार आतून लावून घेतो आणि शेवटपर्यंत उघडत नाही. दोन वर्षं बाकावर बसून जो झुरतोय, त्याने दार लावलेलं नाही. आपण क्षमा मागून थकतो, देव क्षमा करून थकत नाही, असं पोप फ्रान्सिस निवडून आल्यावर चारच दिवसांनी, १७ मार्च २०१३ च्या रविवारी, व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चौकात सांगत होते. पहिल्याच रविवारी त्यांनी हा विषय निवडला, यातच सगळं आलं.

आता तुमचं पहिलं गृहीत. मन शांत नाही म्हणजे क्षमा मिळाली नाही, असं तुम्ही धरून चाललाय. ख्रिस्ती श्रद्धेत क्षमा ही देवाची कृती आहे. आपल्याला कसं वाटतं यावर ती टांगलेली नसते. येशूचा शिष्य पेत्र, त्याचं बघा. कोंबडा आरवायच्या आधी त्याने तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हटलं आणि बाहेर जाऊन तो ढसाढसा रडला. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी कोळशाच्या विस्तवावर मासे भाजून येशूने त्याला खायला घातलं आणि मग विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस का? एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं, असं योहान आपल्या शुभवर्तमानात मुद्दाम नोंदवतो. क्षमा समोर बसून जेवायला वाढत होती, तरी पेत्राच्या आत दुखत होतं. जिथे जखम झाली होती, बरोब्बर तिथेच बोट ठेवलं जात होतं, तेही तितक्याच वेळा. ते दुखणं क्षमा नाकारल्याचं नव्हतं. ते बरं होण्याचं होतं.

तुमचंही तसं असू शकेल. पण मला दुसरी एक शंका आहे, आणि ती मी तुम्हाला विचारल्याशिवाय राहणार नाही. पापनिवेदनात तुम्ही नेमकं काय सांगितलंत? पत्रात तुमचे शब्द आहेत, 'व्यवहारात खोटं बोललो असं तिन्ही वेळा सांगितलं'. भाऊ, व्यवहारात खोटं तर भाजीवालाही बोलतो. 'सख्ख्या बहिणीला फसवून तिचा निम्मा वाटा माझ्या नावावर करून घेतला आणि तो पैसा अजून माझ्याकडे आहे', हे वाक्य फादरांच्या कानावर गेलंय का? मी तुमच्या आणि देवाच्या मध्ये उभी राहणारी कोण. पण गंभीर पाप जाणूनबुजून झाकून ठेवलं तर पापनिवेदन अपुरं राहतं, ही आपली शिकवण आपण दोघंही पहिल्या कम्युनियनच्या वर्गात शिकलोय. फादर ओळखीचे आहेत, गावातले सगळे व्यवहार त्यांना माहीत आहेत, म्हणून जीभ अडली असेल तर ते मी समजू शकते. दुसऱ्या धर्मग्रामात, म्हणजे दुसऱ्या गावच्या चर्चला जा. पापनिवेदनात ऐकलेलं फादर कुणालाही, कोणत्याही कारणाने, स्वतःचा जीव वाचवण्यासाठीसुद्धा सांगू शकत नाहीत. तुमच्या बहिणीलाही नाही. म्हणून तर ते काम तुमच्यावर उरतं.

आणि इथून तुमचा खरा प्रश्न सुरू होतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानातली प्रभूची प्रार्थना मराठीत वाचताना एक शब्द मला नेहमी अडवतो. आपण चर्चमध्ये 'अपराध' म्हणतो, पण मत्तयाने लिहिलंय 'ऋण'. आमचं ऋण सोड, जसं आम्ही आमच्या ऋणकऱ्यांचं सोडतो. तुम्ही रोज रात्री देवाला 'सोड' म्हणता. आणि तुमच्या कपाटात एक कागद आहे, त्याचं नावच हक्कसोड. तिने सोडलं म्हणून त्यावर लिहिलंय, पण तिने काही सोडलेलंच नाही. आपण काय सोडतोय हे तिला माहीतच नव्हतं. देव तुमचं त्याच्याकडचं ऋण सोडू शकतो, आणि मी मनापासून मानते की सोडतोही. पण तिचं ऋण तिच्या पाठीमागे, तिच्या वतीने, देवाकडून सोडवून घेणं म्हणजे दुसरं हक्कसोडपत्र झालं. पुन्हा तिला न वाचता सही करायला लावल्यासारखं.

हे माझं कडक मत आहे असं समजू नका. कॅथॉलिक शिकवणीतच पश्चात्ताप, पापनिवेदन आणि भरपाई अशी तीन अंगं सांगितली आहेत. पापक्षमेने पाप जातं, पण पापाने जी मोडतोड केली ती आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत द्यायचं, गेलेली अब्रू भरून द्यायची, हे उरतंच. बायबलमधल्या गणनेच्या पुस्तकात तर हिशेबही दिलाय: केलेलं पाप कबूल करावं, मूळ रक्कम पुरी परत द्यावी, वर तिचा पाचवा हिस्सा घालावा. आणि हे कुणाला? ज्याचा अपराध केला, त्याला. वेदीवर नाही, दानपेटीत नाही. तुम्ही पत्रात लिहिलंय की दरवर्षी चर्चच्या फेस्ताला मोठी देणगी देता. द्या, अवश्य द्या. पण ती बहिणीच्या पैशातून देऊ नका.

इथे एक गोष्ट फार जपून समजून घ्यायला हवी, कारण आपली माणसं इथेच घसरतात. पैसे परत केले की देव क्षमा करेल, असा हा सौदा नाही. जक्कयाची गोष्ट आठवा. यरीहोचा मुख्य जकातदार, बुटका, उंबराच्या झाडावर चढून बसलेला. येशू झाडाखाली थांबला आणि म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. तोवर जक्कयाने एक पैसाही परत केलेला नव्हता, की कबूलही केलं नव्हतं. पाहुणा आधी घरात आला. मग जक्कय उठून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. म्हणजे क्षमा आधी आणि भरपाई नंतर. क्षमा झालेल्या माणसाच्या मुठी सुटतात. तुमची मूठ वळलेली आहे, म्हणून कम्युनियनसाठी हात पुढे करता येत नाहीये, असं मला वाटतं.

माझ्या आजीची एक आठवण सांगते. लाल लुगडं नेसणारी, अक्षरओळख नसलेली बाई. आमच्या बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या छोट्या तळ्याच्या, पाण्यावरून शेजारच्या घराशी तिचं जोरदार भांडण झालं होतं. पाळी शेजारणीची असताना आजीने पहाटे उठून पाणी आपल्या केळींना घेतलं होतं आणि वर तिलाच चार गोष्टी सुनावल्या होत्या. पुढच्या शनिवारी आजी पापनिवेदनाला निघाली. मी बरोबर होते, आठ-नऊ वर्षांची. चर्चच्या वाटेवर अर्ध्यात थांबली, एक क्षण उभी राहिली आणि मागे फिरली. शेजारणीच्या अंगणात गेली. ती बाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती, तिने मान वर केली नाही. आजी म्हणाली, "पाणी तुझं होतं. मी घेतलं. उद्या माझी पाळी तू घे." बस. गळ्यात पडणं नाही, रडणं नाही. शेजारीण पाखडतच राहिली. आम्ही चर्चला गेलो. नंतर मोठेपणी मला कळलं की डोंगरावरच्या प्रवचनात येशू हेच सांगतो: वेदीपाशी आल्यावर भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर. आजीने ते वाचलेलं नव्हतं. शेजारीण पुढे तीन महिने बोलली नाही, हेही सांगायला हवं. पाणी मात्र तिने घेतलं.

आजीच्या त्या तीन वाक्यांत 'मला माफ कर' कुठेच नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तुम्ही बहिणीकडे जाल तेव्हा हे लक्षात असू द्या. 'साताच्या सत्तर वेळा' हे येशूने पेत्राला सांगितलं होतं, तेही पेत्राने स्वतः क्षमा कशी करावी म्हणून. अपराध्याने समोरच्यावर उगारायची ती काठी नाही. 'तू ख्रिस्ती आहेस, तुला मला क्षमा करावीच लागेल' असा शब्द तुमच्या किंवा वहिनींच्या तोंडून जाऊ नये. क्षमा ती करेल तेव्हा करेल. कदाचित करणार नाही. तो तिचा आणि देवाचा प्रश्न आहे, आणि तिथे तरी तिला कुणाची घाई नको.

आता प्रत्यक्षात काय करायचं.

पहिलं म्हणजे वहिनींशी बोला. त्यांच्या बोलण्याचा मला राग येत नाही. त्या घरात त्या राहतात, मुलाचं शिक्षण त्याच पैशातून झालंय. छप्पर हलेल ही भीती खरी आहे. पण त्यांना 'जाऊ का?' असं विचारू नका. 'मी जाणार आहे, किती आणि कसं द्यायचं हे आपण मिळून ठरवू' असं सांगा. मुलगा कमावता असेल तर त्यालाही कळू द्या. कुठल्या पैशावर तो उभा आहे हे त्याला उद्या आत्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आज बापाच्या तोंडून कळलेलं बरं.

मग आकडा. ६० लाखांचे निम्मे ३० लाख. गणनेच्या हिशेबाने पाचवा हिस्सा ६ लाख, म्हणजे ३६. पण २००९ च्या तीस लाखांत वसईत जे मिळत होतं ते आज मिळत नाही, हे तुम्ही जाणता. तुमचं घर याच काळात वाढत्या भावाने मोठं झालं, तिचं भाडं वाढत गेलं. म्हणून ३६ हा शेवटचा आकडा आहे अशा थाटात जाऊ नका. तिथून बोलायला सुरुवात करा. एकरकमी जमत नसेल तर निवृत्तीनंतर मिळणाऱ्या पैशातला भाग आणि बाकीचे हप्ते, असं लेखी द्या. तोंडी नको. तोंडी विश्वासाने तिचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पैसे बँकेतून द्या. भावाने बहिणीला दिलेल्या रकमेवर तिला आयकर लागत नाही, ती काळजी नको.

आणि हो, वकील. मृत्युपत्र न करता गेलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेत मुलगा-मुलगी यांचा वाटा सारखा असतो, हे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात स्पष्ट आहे. फसवून घेतलेल्या सहीबद्दल कोर्टात जाण्याची मुदत साधारणपणे फसवणूक कळल्यापासून मोजतात. म्हणजे तुम्ही सांगितल्यावर ती कोर्टात जाऊ शकते. तुम्हाला हे मी लपवून पाठवणार नाही. स्वतःसाठी वकिलाचा सल्ला घ्या, पण तो 'कसं सुटायचं' यासाठी नको, 'नीट परत कसं करायचं' यासाठी घ्या. तिलाही सांगा की तिने तिचा वकील बघावा. हे वाक्य जीभेवर जड जाईल. तरी म्हणा.

सांगायला जाताना सण टाळा, कुणाचं लग्न टाळा, फोन आणि व्हॉट्सॲप तर नकोच. तिच्या खोलीवर जा, ती एकटी असेल किंवा नवरा सोबत असावा असं तिला वाटत असेल तेव्हा. हक्कसोडपत्राची प्रत सोबत न्या. फादरांना मध्यस्थ म्हणून नेऊ नका. झग्यासमोर बाईला मोकळं रागावता येत नाही. पहिल्या दोन मिनिटांत मुख्य वाक्य बोला: 'त्या दिवशी मी तुला खोटं सांगून सही घेतली. वाडीचा निम्मा पैसा तुझा होता. तो मी वापरला.' 'परिस्थितीच तशी होती' हे नको. आणि कृपा करून तिच्यापुढे इतकं रडू नका की तिला उठून तुम्हालाच पाणी द्यावं लागेल. ती धाकटी बहीण आहे, ती देईल. तेवढ्याने तिचा राग तिच्याच घशात अडकेल.

ती ओरडली तर ऐकून घ्या. 'जा' म्हणाली तर जा. हप्ता मात्र ठरल्या तारखेला पोचला पाहिजे, ती बोलत असो वा नसो.

अशाच अडचणीत असलेल्या इतरांनाही थोडं सांगायचंय, कारण या विषयावर बरीच पत्रं येतात. ज्याला फसवलं तो माणूस हयात नसेल तर त्याच्या वारसांना द्या, वारसच नसतील तर गरिबांना. प्रत्येक पाप बाधित माणसाला जाऊन सांगायलाच हवं असंही नाही. काही गोष्टी सांगितल्याने फक्त आपलं ओझं हलकं होतं आणि समोरच्याचं घर मोडतं. तिथे आधी पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांशी बोला. पण पैशाची, जमिनीची, अब्रूची फसवणूक त्या खात्यात बसत नाही, तिथे परत देणं आलंच.

अहिल्यानगरकडच्या (पूर्वीच्या अहमदनगरकडच्या) प्रोटेस्टंट वाचकांना हे पापनिवेदन, पापक्षमा वगैरे परकं वाटेल. तिथे माणूस थेट देवापुढे कबुली देतो आणि विश्वासाने नीतिमान ठरतो. मार्टिन ल्यूथरने उभा केलेला हा वाद १५१७ पासूनचा आहे, आणि १९९९ साली आउग्सबुर्गला कॅथॉलिक चर्च आणि लुथरन महासंघाने संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून त्यातला मोठा भाग मिटवला. पण जक्कय दोघांच्याही बायबलमध्ये आहे आणि त्याने चौपटच दिलेत.

आणि काही जणांची अवस्था भाऊ, तुमच्या अगदी उलट असते. परत द्यायचं काही नाही, सगळं सांगून झालेलं आहे, तरी तेच पाप पुन्हा पुन्हा पापनिवेदनात नेतात. 'नीट सांगितलं का, काही राहिलं का' यात रात्री जातात. संत इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मनरेसाला याच यातनेत होते, आत्महत्येचे विचार मनात येण्यापर्यंत. शेवटी त्यांनी ठरवलं की झालेली पापं पुन्हा सांगायची नाहीत, आणि ते सुटले. अशांनी एकच फादर धरावेत, त्यांचं ऐकावं आणि मनोविकारतज्ज्ञाकडेही जावं. हा एक ओळखला गेलेला आजार आहे, त्यावर उपचार आहेत. त्यांच्या बेचैनीला पत्ता नसतो. तुमच्या बेचैनीला आहे, नालासोपाऱ्याचा.

आता कम्युनियनबद्दल. सगळे पैसे फिटेपर्यंत बाकावर बसून राहायचं, असं मनात घेऊ नका. आधी पापनिवेदन करा, या वेळी पूर्ण वाक्यात. परत द्यायचं ठरवलंय, कधी आणि कसं, तेही फादरांना सांगा. ते पापक्षमा देतील तेव्हा ती घ्या, आणि पुढच्या रविवारी रांगेत उभे राहा. बहिणीकडे मात्र त्यानंतर लगेच जा, आठवडा घालवू नका.

दोन नोव्हेंबरला, मृतात्म्यांच्या दिवशी, ती दरवर्षी आईबाबांच्या कबरीवर मेणबत्ती लावायला गावी येते आणि जेवायला तुमच्याकडे थांबते, असं तुम्ही लिहिलंय. यंदा त्या दिवसाच्या बऱ्याच आधी जाऊन या. म्हणजे तुमच्या ताटावर बसायचं की नाही, हे तिला सगळं माहीत असताना ठरवता येईल.

तुमची,
ताई